एका किलोचा फरक : वजन उचलण्याआधीची तयारी
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आज बोलायचं आहे वजन उचलण्याच्या खेळाबद्दल. पुस्तकात त्याला भारोत्तोलन म्हणतात, आपल्या पोरी सरळ 'वेटलिफ्टिंग' म्हणतात. तुम्ही म्हणाल, आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. सांगली, मनमाड अशा गावांमधून मुली या खेळात राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या आहेत. उद्या तुमच्या नाहीतर शेजारच्या घरातली पोरगी 'मला वेटलिफ्टिंगला जायचंय' म्हणाली, तर तिला घरून काय लागेल, हे आपल्याला माहीत हवं. खुराक लागतो हे सगळ्यांना कळतं. सराव लागतो हेही कळतं. पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वजन उचलण्याआधीच्या अर्ध्या तासात ती काय करते, यावरही बरंच काही ठरतं. मुली त्याला 'वॉर्म-अप' म्हणतात. आपण म्हणू, अंग गरम करणं.

आधी हिशेब बघू. हिशेबात आपण गटातल्या बाया पक्क्या असतो.

२०२२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं आणलं. घरची पानाची टपरी आणि चहाचा गाडा, अशा घरातला हा मुलगा. ५५ किलो वजनगटात त्यानं दोन प्रकार मिळून २४८ किलो उचलले आणि रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदक मलेशियाच्या खेळाडूला मिळालं. त्यानं किती उचलले? २४९. फक्त एक किलो जास्त.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकमध्ये मणिपूरच्या मीराबाई चानूनं १९९ किलो उचलले आणि ती चौथी आली. तिसऱ्या आलेल्या थायलंडच्या मुलीचे होते २००. पुन्हा एकच किलो. एकीच्या गळ्यात पदक पडलं, दुसरी रिकाम्या हातानं परतली.

२४९ किलोत एक किलो म्हणजे किती? शंभर रुपयांत चाळीस पैसे. एवढ्याशा फरकावर सोनं-चांदी ठरते. आणि अंग गरम करण्याची पद्धत चुकली तर शंभरात चार-पाच रुपयांचा तोटा होऊ शकतो. तो कसा, हेच आज समजून घेऊ.

खेळ कसा असतो?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लांब लोखंडी दांडा असतो, त्याला बार म्हणतात. बायकांचा बार १५ किलोचा, पुरुषांचा २० किलोचा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल प्लेटा लावतात. उचलायचे प्रकार दोन. पहिला स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. दुसरा क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी बार खांद्यापर्यंत घ्यायचा, तिथं सावरायचं आणि मग डोक्यावर न्यायचा. प्रत्येक प्रकारात तीन संधी. दोन्ही प्रकारांतलं सर्वात जास्त वजन घेऊन बेरीज करतात.

नाव पुकारलं की खेळाडूकडे एक मिनिट असतो. तेवढ्यात बार जमिनीवरून सुटला पाहिजे. समोर तीन पंच बसलेले असतात. बार वर गेला, हात सरळ राहिले, पाय स्थिर झाले, तर पांढरे दिवे लागतात. नाहीतर लाल.

म्हणजे बघा, सगळी मेहनत काही सेकंदांची. पळण्याच्या शर्यतीत सुरुवात जरा मंद झाली तर पुढे भरून काढता येते. इथं तशी सवड नाही. पहिल्याच प्रयत्नाला अंग पूर्ण तयार हवं.

अंग गरम होतं म्हणजे काय होतं?

अंग गरम करणं म्हणजे ताप येणं नव्हे, आणि नुसता घाम काढणंही नव्हे. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली आठवा. सकाळी तेल गोठलेलं असतं, बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. जरा उन्हात ठेवली की सरसर वाहतं. आपलं अंग काही तेलासारखं गोठत नाही, पण थंड स्नायू असाच आखडलेला आणि संथ असतो. आपण निवांत बसलेलो असतो तेव्हा हातापायांचे स्नायू पोटातल्या, छातीतल्या भागापेक्षा थंड असतात. हालचाल सुरू झाली की रक्त तिकडे धावतं आणि पहिल्या चार-पाच मिनिटांतच स्नायू भराभर गरम होऊ लागतात. दहा ते वीस मिनिटांत ते चांगले गरम होतात.

गरम स्नायू लवकर आकसतो आणि लवकर सैल होतो. मेंदूकडून येणारा निरोप नसांमधून जास्त वेगानं पोचतो. गुडघा, खांदा, घोटा अशा सांध्यांमध्ये वंगणासारखं पाणी असतं, तेही हालचालीनं नीट पसरतं. खेळाचा अभ्यास करणाऱ्यांनी मोजून पाहिलं आहे की स्नायूचं तापमान एक अंश वाढलं, तर झटक्यानं लावायची ताकद साधारण शंभराला दोन ते पाच इतकी वाढते. आणि या खेळात सगळं काम झटक्याचंच असतं. बार हळूहळू ओढून डोक्यावर जात नाही.

दुसरी गोष्ट सवयीची. स्नॅच हे नुसत्या दंडाच्या ताकदीचं काम नाही. पाय कधी ढकलायचे, कंबर कधी सरळ करायची, बारखाली कधी बसायचं, हे सगळं क्षणात जुळून यावं लागतं. रोज हजार वेळा केलेलं असलं तरी त्या दिवशी ते अंगाला पुन्हा आठवून द्यावं लागतं. गाणाऱ्या बाईनं कार्यक्रमाआधी गळा लावून घ्यावा, तसंच हे.

पद्धती किती, आणि कोणती काय करते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अंग गरम करायच्या पद्धती चार-पाच आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

पहिली पद्धत : हलकं पळणं, दोरीवरच्या उड्या, जागच्या जागी पाय उचलणं. यानं सगळं अंग गरम होतं. पाच ते दहा मिनिटं पुरतात. श्वास थोडा वाढावा, कपाळ जरा ओलं व्हावं, पण बोलता बोलता धाप लागू नये. धाप लागली म्हणजे जी ताकद बारसाठी राखायची, ती इथंच खर्च झाली.

दुसरी पद्धत : ताण देणं. पाय समोर ठेवून वाकायचं आणि तसंच धरून बसायचं, हात मागे ओढून धरून ठेवायचा. शाळेत पीटीच्या तासाला आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. बऱ्याच जणींना वाटतं, वॉर्म-अप म्हणजे हेच. इथंच गफलत होते. एकेक स्नायू एका मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला आणि लगेच ताकदीची चाचणी घेतली, तर ताकद सरासरी शंभराला चार ते पाच इतकी कमी भरते. ५० किलो उचलणाऱ्या मुलीचे दोन-अडीच किलो असेच जाऊ शकतात. ताण अर्ध्या मिनिटाच्या आत ठेवला आणि नंतर नीट हालचाल केली, तर तोटा अगदी थोडा, जवळजवळ नाहीच. म्हणून ताण देणं वाईट नाही. अंग लवचिक होण्यासाठी ते हवंच. पण लांबलचक ताणाची जागा सराव संपल्यानंतर, नाहीतर घरी संध्याकाळी. बारला हात लावायच्या तोंडावर नाही.

तिसरी पद्धत : हलतं ताणणं. पाय पुढेमागे झुलवणं, हात गोल फिरवणं, खोल उठाबशा, काठी दोन्ही हातांत रुंद धरून डोक्यावरून मागे नेणं. यात स्नायू ताणला जातो, पण धरून ठेवला जात नाही. अंग मोकळंही होतं आणि गरमही राहतं. पळणं झालं की हे करायचं. घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मनगटं यांतलं काहीच विसरायचं नाही, कारण स्नॅचमध्ये मुलगी पूर्ण खाली बसते आणि बार हात ताठ ठेवून डोक्यावर धरते. कुठलाही एक सांधा आखडलेला असला तर बार पुढे नाहीतर मागे पडतो.

चौथी पद्धत : प्रत्यक्ष बार. सगळ्यात महत्त्वाची हीच. जे काम करायचं आहे तेच काम, आधी हलकं, मग थोडं जड, मग आणखी जड. पळणं आणि उठाबशा कितीही केल्या तरी याची भरपाई होत नाही.

पाचवी पद्धत : बाहेरून ऊब देणं. बाम चोळणं, मालिश, गरम पाण्याची पिशवी, अंगावर स्वेटर. यांतला स्वेटर खरंच उपयोगाचा, तो आलेली ऊब टिकवून धरतो. बामानं कातडीला झोंबतं, म्हणून गरम वाटतं. आत खोलवर स्नायू तेवढा गरम झालेला नसतो. आणि मालिशनं अंगाला स्नॅच आठवत नाही. म्हणून बाम आणि मालिशवर भिस्त ठेवू नये.

पायरी पायरीनं वर

बारची पायरी कशी चढायची, याचं उदाहरण घेऊ. समजा एका मुलीला स्नॅचचा पहिला प्रयत्न ५० किलोचा करायचा आहे. आधी रिकामा बार, १५ किलोचा. तो चार-पाच वेळा, थोडं थांबून पुन्हा चार-पाच वेळा. मग २५ किलो, तीन वेळा. ३२ किलो, दोन वेळा. ३८ किलो, दोन वेळा. ४३ किलो, एकदा. ४७ किलो, एकदा. त्यानंतर थेट प्लॅटफॉर्मवर, ५० किलोला.

यात दोन गोष्टी पाहा. वजन वाढत जातं तशी उचलण्याची संख्या कमी होत जाते. आणि प्रत्येक पायरीची उडी आधीपेक्षा लहान. आधी दहा किलोंची, मग सातची, सहाची, पाचची, चारची आणि शेवटी तीनची. हे आकडे सगळ्यांना सारखे नसतात. प्रत्येकीचे प्रशिक्षक तिच्या अंगाप्रमाणे ते ठरवतात. पण पद्धत ही.

पायऱ्या फार कमी ठेवल्या, समजा २५ वरून थेट ४५ ला उडी मारली, तर अंग दचकतं. बार अचानक जड लागतो आणि मन खचतं. पायऱ्या फार जास्त ठेवल्या, ४० किलो पाच वेळा, ४५ तीन वेळा, ४९ दोन वेळा असं केलं, तर मुलगी आतल्या खोलीतच दमते. बाहेर आल्यावर पाय थरथरतात. उत्साहाच्या भरात असं फार होतं. बाजूची मुलगी जड उचलते आहे हे पाहिलं की आपलीलाही चेव येतो. आतल्या खोलीत उचललेल्या वजनाचे गुण कोणी देत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवावं.

शेवटची जड पायरी मात्र गाळू नये. जड वजन एकदा उचललं की पुढची काही मिनिटं स्नायू नेहमीपेक्षा जोरात काम करतो. पण त्याच वजनाचा थकवाही अंगात असतो. मध्ये दोन-चार मिनिटांचा विसावा मिळाला की थकवा ओसरतो आणि जोर उरतो. आपण तवा तापला की भाकरी टाकतो. गार तव्यावर ती चिकटते, फार तापलेल्यावर करपते. इथंही तसाच नेमका वेळ साधायचा असतो.

वेळेचं गणित

हा वेळ साधायचा कसा? या खेळात एक नियम आहे. बारवरचं वजन स्पर्धेत फक्त वाढत जातं, कमी होत नाही. ज्यांचं पहिलं वजन कमी, त्या आधी येतात. त्यामुळे आपल्या मुलीची पाळी घड्याळ बघून कळत नाही. तिच्या आधी बाहेर किती प्रयत्न बाकी आहेत, ते मोजावं लागतं.

समजा १८ प्रयत्न बाकी आहेत. बारपासून ४७ किलोपर्यंत आपल्या सहा पायऱ्या. म्हणजे बाहेर तीन प्रयत्न झाले की आत एक पायरी. शेवटची पायरी झाल्यावर बाहेर तीन प्रयत्न होतील, तेवढा तिला विसावा. असं गणित प्रशिक्षक कागदावर मांडून बसतात. बायकांनी हप्त्याची वही सांभाळावी तसा तो कागद ते सांभाळतात.

पण गणित मोडतं. स्पर्धेत खेळाडूला आपण सांगितलेलं वजन बदलता येतं, एका प्रयत्नासाठी दोनदा. दुसऱ्या कोणी ४८ वरून ५२ केले, की ती आपल्या मागे गेली आणि आपली पाळी अलीकडे आली. कधी उलटंही होतं, पाळी लांबते. लांबली तर काय करायचं? बसून राहायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं शांत बसलं की कमावलेली ऊब बरीचशी उतरते. अंगावर स्वेटर घालायचा, फेऱ्या मारायच्या आणि ४० किलोच्या आसपासचं वजन एकदा पुन्हा उचलायचं. पाळी अचानक अलीकडे आली तर मधली एखादी पायरी गाळायची, पण घाबरायचं नाही.

स्नॅच संपल्यावर क्लीन अँड जर्क सुरू होण्याआधी दहा मिनिटांची सुट्टी असते. अंग आधीच गरम असतं, त्यामुळे आता पळणं नको, उड्या नकोत. बारच्याही पायऱ्या कमी पुरतात. पण याच दहा मिनिटांत घरचे लोक मुलीला घेरतात, फोटो काढतात, फोन कानाला लावून देतात. प्रेमापोटीच करतात, पण तेवढ्यात तिचं अंग थंड होतं. त्या वेळी तिला तिच्या प्रशिक्षकांजवळ सोडावं. फोटो नंतर काढता येतात.

मीराबाईच्या खांद्याची गोष्ट

सगळ्यांना एकच वॉर्म-अप का चालत नाही, हे मीराबाई चानूच्या गोष्टीवरून कळतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कमधले तिचे तिन्ही प्रयत्न फसले होते. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली. पण पाठ आणि खांदा तिला त्रास देत राहिले. २०२० मध्ये ती अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात एरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली. तिच्या दोन खांद्यांचा तोल सारखा नव्हता, हे तिथं नेमकं सापडलं, आणि त्यावर नेमके व्यायाम करून घेतले गेले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिनं क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकला ८७ आणि ११५, मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक आणलं.

हे सगळं केवळ वॉर्म-अपनं झालं, असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत त्यामागे आहे. पण शिकायचं हे की ज्या मुलीचा खांदा आखडलेला आहे, तिनं बारआधी खांद्याला जास्त वेळ द्यावा. जिचे घोटे वळत नाहीत, तिनं घोट्यांना द्यावा. दुसरीची नक्कल करू नये.

मीराबाई लहानपणी डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणायची, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यामुळे आपल्याकडे काही घरांत म्हणतात, 'पोरगी पहाटे चार हंडे पाणी आणते, तिला आणखी वॉर्म-अप कशाला?' मैत्रिणींनो, मोळ्या वाहून वर्षानुवर्षांत अंगात काटकपणा येतो, हे खरं. पण स्पर्धेच्या सकाळी हंडे वाहून मुलगी फक्त दमते. मानेवर आणि कमरेवर भार येतो, आणि मैदानावर पोचेपर्यंत अंग पुन्हा थंड होतं. त्या एका सकाळी हंडा घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावा. भावानं उचलला तरी चालेल.

अंग गरम केलं म्हणजे कवच नव्हे

एक गोष्ट स्पष्ट सांगते. बर्मिंगहॅममध्ये संकेत सरगरनं क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५ किलो उचलले. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलोला त्याचा कोपर दुखावला, तरी तो तिसऱ्यासाठी पुन्हा आला. तोही प्रयत्न साधला नाही. राष्ट्रकुल स्पर्धेपर्यंत गेलेल्या खेळाडूची तयारी काही कच्ची नसते. तरीही दुखापत झाली. म्हणून अंग नीट गरम केलं की काहीच होणार नाही, असं कोणी सांगत असेल तर ते खरं मानू नका. दुखापतीची शक्यता कमी करणं आणि ताकद पूर्ण वापरता येणं, एवढंच वॉर्म-अपच्या हाती आहे.

आणि वॉर्म-अप करताना कुठं टोचलं, चमक भरली, एक हात दुसऱ्यापेक्षा वेगळा वाटला, तर ते लपवू नये. मुलींना भीती असते की दुखतंय म्हटलं तर घरचे खेळ बंद करतील. ही भीती आपण काढून टाकली पाहिजे. दुखणं सांगणाऱ्या मुलीला रागावलं नाही, तरच ती वेळेवर सांगेल.

घरून काय करता येईल?

आपल्याकडे तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेला मुली पहाटेच्या एसटीनं निघतात. दोन-तीन तास बाकावर आखडून बसतात. उतरल्या की आधी वजन करायला रांगेत उभ्या राहतात. वजन गटात बसावं म्हणून आदल्या रात्रीपासून पोटात काही नसतं. मोठ्या स्पर्धांमध्ये वजन घेणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं आणि एक तास आधी संपतं. म्हणजे खायला, पाणी प्यायला आणि अंग गरम करायला थोडाच वेळ उरतो. म्हणून डबा तयार हवा. वजन झाल्याबरोबर केळं, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-पोळी असं हलकं आणि लगेच ताकद देणारं खायला द्या. लिंबू-साखर-मिठाचं पाणी घोट घोट पिऊ द्या. उपाशी आणि तहानलेल्या अंगाला कुठलीही वॉर्म-अपची पद्धत लागू पडत नाही. वाढत्या वयाच्या मुलीला गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवण्यापेक्षा वरच्या गटात खेळू द्यावं.

पिशवीत चार वस्तू ठेवा : स्वेटर किंवा जाड ट्रॅकसूट, पायमोजे, दोरीच्या उड्यांची दोरी आणि पाण्याची बाटली. शक्य असेल तर एक एसटी आधीची पकडा. पोचल्यावर मुलीला जरा चालू-फिरू द्या. आणि तिच्या सरांना किंवा मॅडमना एक प्रश्न नक्की विचारा : 'हिला अंग गरम करायला किती वेळ मिळणार, आणि बार मिळणार का?' काही ठिकाणी आतल्या खोलीत एकच बार आणि दहा मुली असतात. तिथं पाळी लावून घ्यावी लागते. आई विचारते आहे म्हटल्यावर लक्ष दिलं जातं.

संकेतच्या घरातच त्याची धाकटी बहीण काजोलही हा खेळ खेळते. २०२२ मध्ये पंचकुला इथं झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तिनं ४० किलो गटात सुवर्णपदक मिळवलं. टपरीवर पोट असलेल्या घरात मुलाइतकीच मुलगीही बारपाशी उभी राहिली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जाता जाता आपल्यासाठीही दोन शब्द. आपण पदकासाठी नाही, पण रोज वजन उचलतोच. सिलेंडर, धान्याचं पोतं, वैरणीचा भारा. पहाटे अंथरुणातून उठलं की तसंच पोत्याला हात घालतो. तोच नियम आपल्यालाही लागू. आधी पाच मिनिटं चालावं, खांदे फिरवावेत, दोन-चार वेळा खाली बसून उठावं, आधी हलकं उचलावं, मग जड. पोतं उचलताना कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावं आणि पोतं अंगाशी धरावं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं या विषयाला द्या. गावातली कोणती मुलगी खेळते, तिची पुढची स्पर्धा कधी आहे आणि तिच्याबरोबर कोण जाणार, एवढं ठरवा. जी जाणार तिनं पिशवी तपासावी, डबा घ्यावा आणि मुलीचं नाव पुकारेपर्यंत तिला थंड पडू देऊ नये.